ताकद बाटलीत असते का?

खुर्चीत बसलेले एखादे आजोबा किंवा आजी उठतात कसे, ते एकदा नीट न्याहाळून पाहा. आधी ते खुर्चीच्या कडेपर्यंत सरकतात, पाय थोडे मागे घेतात, पुढे वाकतात, गुडघ्यांवर हात टेकतात आणि मग उठतात. तुम्हाला मात्र बाहेरून मित्राची हाक आली की तुम्ही टुणकन उभे! "आता अंगात पूर्वीची ताकद राहिली नाही," असे आजी म्हणतात आणि दोन दिवसांत औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्यांची पट्टी घरात येते.

या गोळ्यांनी ताकद खरोखर येते का? काही वेळा येते, पुष्कळ वेळा येत नाही. असे का, हे समजण्यासाठी औषधाच्या दुकानाऐवजी आपण आधी भौतिकीच्या वर्गात जाऊ.

समजा, आजींचे वजन ५० किलो आहे. म्हणजे पृथ्वी त्यांना सुमारे ५०० न्यूटन बलाने खाली ओढते. आजी खुर्चीतून उठतात तेव्हा गुडघा हा टेकू होतो. पुढे वाकल्यावरही शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्याच्या सुमारे २० सेंटिमीटर मागून जाते असे धरू. हे वजन पेलायचे आहे मांडीच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या स्नायूने. त्याचा दोर गुडघ्याच्या वाटीवरून जातो आणि टेकूपासून जेमतेम ४ सेंटिमीटर अंतरावर ओढतो. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे : बल गुणिले टेकूपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे. वजनाच्या बाजूला ५०० न्यूटन गुणिले ०.२ मीटर म्हणजे १००. ते दोन गुडघ्यांत वाटले की प्रत्येकी ५०. याला ०.०४ मीटरने भागा. उत्तर येते १,२५० न्यूटन! ज्या आजींना दहा किलोची पिशवी उचलवत नाही, त्यांच्या प्रत्येक मांडीचा स्नायू खुर्चीतून उठताना जवळजवळ सव्वाशे किलो वजनाइतका ताण देत असतो.

आता पुढे वाकण्याचे कारणही कळले. वाकल्याने वजनाची रेषा गुडघ्याजवळ येते, ते २० सेंटिमीटर कमी होतात आणि स्नायूवरचा भार हलका होतो. आजी तरफेचा नियम शिकलेल्या नसतील, पण तो त्या रोज वापरतात.

ऊर्जेचा हिशेबही करू. उठताना शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ३५ सेंटिमीटर वर जातो. कार्य झाले ५० गुणिले ९.८ गुणिले ०.३५, म्हणजे सुमारे १७० ज्यूल. ही ऊर्जा किती थोडी आहे पाहा. अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात सुमारे १२,००० ज्यूल असतात. स्नायू त्यातली चौथाईच कामी लावू शकतात असे धरले, तरी एका शेंगदाण्यावर आजी पंधरा वेळा सहज उठतील. म्हणजे अडचण ऊर्जेची नाही. अडचण आहे ती ऊर्जा झटपट देण्याची. १७० ज्यूल एका सेकंदात दिले तर शक्ती १७० वॅट लागते, तीन सेकंदांत दिले तर ५७ वॅट पुरतात. रोजच्या बोलण्यात आपण शक्ती, ताकद, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. 'ऊर्जा देणारी गोळी' असे म्हणणारी जाहिरात या सैलपणाचाच फायदा घेते. म्हातारपणी ऊर्जेपेक्षा वॅट अधिक वेगाने घटतात. कारण स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात, संथ पण चिवट आणि चपळ पण लवकर थकणारे. वय वाढते तसे चपळ तंतू अधिक झिजतात. पाय घसरला की शरीर सावरायला क्षणार्धात जोर लागतो, तो हेच तंतू पुरवतात. तो जोर वेळेवर मिळाला नाही की माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि धडधाकट हिंडणारे आजोबा कायमचे अंथरुणाला खिळू शकतात. वयाबरोबर स्नायू झिजण्याच्या या अवस्थेला अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ च्या सुमारास 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य.

यात जीवनसत्त्वांचे काम काय? एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या : जीवनसत्त्व हे इंधन नव्हे. त्यातून शरीराला ऊर्जा मिळत नाही. स्नायूंचे रोख चलन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. तो १९२९ साली जर्मनीत लोमान यांनी आणि अमेरिकेत फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधून काढला. एटीपी तयार होतो तो पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांपासून. 'ब' गटातली जीवनसत्त्वे त्या कारखान्यात हातभार लावतात, एवढेच. शिवणयंत्राला तेल लागते, तसे हे आहे. तेलाचे चार थेंब नसतील तर यंत्र अडते. पण अख्खी बुधली ओतली म्हणून ते दुप्पट वेगाने शिवत नाही, उलट कापड मात्र खराब होते. ड जीवनसत्त्व प्रौढ माणसाला रोज सुमारे १५ मायक्रोग्रॅम लागते. मिठाचा बारीकसा कणही याहून जड असतो!

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत दोन जीवनसत्त्वे विशेष महत्त्वाची आहेत, ड आणि ब-१२. ड पाहिले की माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला आनंद होतो, कारण ते स्वयंपाकघरापेक्षा सूर्याकडून अधिक येते.

१९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश टाकला. मुडदुसात हाडे मऊ पडून पाय वाकडे होतात. दिव्याने मुले सुधारली. खरी गंमत पुढेच आहे. प्रकाश एकाच हातावर टाकला, तरी बरी झाली दोन्ही हातांची हाडे. म्हणजे प्रकाश हाडावर थेट काम करत नव्हता. तो कातडीत काहीतरी तयार करत होता आणि ते रक्तातून सगळीकडे जात होते. ते 'काहीतरी' म्हणजेच ड जीवनसत्त्व. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण (जुन्या मराठी पुस्तकांत यांना जंबुपार किरण म्हणत) त्यावर पडले की त्याच्या रेणूतले एक कडे तुटते. मग शरीराच्या उबेने त्याची रचना बदलते आणि ड जीवनसत्त्व बनते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात, तेव्हा कुठे ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्याचे.

कॅल्शियम नुसते हाडांसाठी नसते. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर हे बेडकाचे काढलेले हृदय खारट पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. एकदा द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले गेले आणि हृदय उत्तम चालले. शुद्ध पाणी वापरले की ते मंदावून थांबे. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हेच त्याचे कारण होते. आता आपल्याला ठाऊक आहे, की स्नायूचा प्रत्येक तंतू आकसतो तो त्याच्या आत कॅल्शियमचे आयन मोकळे सुटल्यावरच. ड जीवनसत्त्व फार काळ कमी पडले, तर प्रौढांची हाडे मऊ होतात आणि मांड्यांचे व कंबरेचे स्नायू दुबळे होतात. असा रोगी बदकासारखा डुलत चालतो, जिना चढताना कठड्याला धरतो, खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठू शकत नाही. अशा माणसाला ड जीवनसत्त्व दिले की काही महिन्यांत तो सुधारतो. 'काही वेळा ताकद येते' असे मी म्हटले, त्यातली ही एक वेळ.

आपल्या देशात उन्हाला काय तोटा, असे तुम्ही म्हणाल. पण २००० साली दिल्लीतल्या वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा अनेकांत ड जीवनसत्त्व कमी निघाले आणि पुढे इतर शहरांतही तेच दिसले. कारणे बरीच आहेत. अंगभर कपडे, दिवसभर घरात बसणे, हवेतला धूर आणि धूळ, आणि कातडीतले काळे रंगद्रव्य. हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. म्हातारपणी आणखी एक भर पडते. मॅकलॉफलिन आणि हॉलिक यांनी १९८५ साली दाखवले, की सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांची कातडी तेवढ्याच प्रकाशात मुलांच्या कातडीच्या निम्म्याहूनही कमी ड जीवनसत्त्व तयार करते.

आता आजोबांच्या आवडत्या कोवळ्या उन्हाबद्दल बोलू. थंडीत सकाळी आठ वाजता अंगणात खुर्ची टाकून बसायला छान वाटते, यात शंका नाही. पण त्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. २२ डिसेंबरला पुण्यात सकाळी आठ वाजता सूर्य क्षितिजावर फक्त ११ अंश चढलेला असतो. किरण तिरपे येतात, त्यामुळे डोक्यावरून येणाऱ्या किरणांच्या मानाने त्यांना सुमारे पाचपट हवेतून यावे लागते. वरच्या थरातला ओझोन आपल्याला हवे असलेले नेमके तेच किरण गाळून टाकतो. ऊब देणारे किरण पोचतात, ड जीवनसत्त्व देणारे वाटेतच संपतात. काचेच्या बंद खिडकीमागे बसल्यावरही हेच होते. साधी काच उजेड आत सोडते, हे किरण मात्र अडवते.

मग वेळ ओळखायची कशी? एक सोपी खूण आहे. सपाट जमिनीवर उभे राहून आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे बनत नाही. आखूड असेल तर बनते. गणित करून पाहिले, तर डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सावली उंचीहून आखूड असते ती सकाळी साडेअकरापासून दुपारी दीडच्या थोडे पुढेपर्यंत. मेच्या आरंभी मात्र साडेनवालाच ती आखूड होते. तेव्हा उन्हाळ्यात भर दुपारी आजोबांना उन्हात बसवायचे मुळीच कारण नाही, उष्माघात व्हायचा! साडेनऊ-दहाला हातपाय थोडा वेळ उघडे ठेवून बसले तरी काम होते. ऊन कातडी लाल होईपर्यंत घ्यायचे नसते. लंडनमध्ये याच २२ डिसेंबरला ऐन मध्यान्हीही सूर्य १५ अंशच वर असतो आणि सावली उंचीच्या पावणेचारपट पडते. बॉस्टन शहरात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हातून ड जीवनसत्त्व बनतच नाही, हे १९८८ साली प्रयोगाने सिद्ध झाले. त्या मानाने आपण नशीबवान.

अन्नातून ड थोडेच मिळते. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी आणि अंड्याचा पिवळा बलक यांत ते असते. शाकाहारी जेवणात जवळजवळ नसतेच. म्हणून आता काही दुधात व खाद्यतेलात ते मुद्दाम घालतात. अशा पिशवीवर '+एफ' अशी खूण असते, ती शोधून पाहा.

ब-१२ ची गोष्ट निराळी आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते करतात फक्त सूक्ष्म जीव. आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतून मिळते. १९४८ साली त्याचे लालभडक स्फटिक वेगळे करण्यात आले आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या गुंतागुंतीच्या रेणूची रचना उलगडली. १९६४ च्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. अन्नातले ब-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडवायला जठरातले आम्ल लागते आणि म्हातारपणी अनेकांचे आम्ल कमी होते. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यांनीही ब-१२ चे शोषण घटते. म्हणजे ताटात ब-१२ असूनही ते रक्तात पोचत नाही असे होऊ शकते.

ब-१२ कमी पडल्यास रक्त कमी होते, हे पुष्कळांना माहीत असते. नसांचे नुकसान मात्र लवकर ध्यानात येत नाही. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर एक वेष्टन असते. ते विरू लागले की पायांकडून मेंदूकडे जाणारे निरोप बिघडतात. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे हे तुम्हाला कळते ना? अशा रोग्याला ते कळेनासे होते. उजेडात तो डोळ्यांच्या आधाराने सांभाळून चालतो, पण रात्री दिवे गेले किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. पायांना मुंग्या येणे आणि अंधारात लडखडणे याला घरचे लोक 'वय झाले' म्हणून सोडून देतात. ही चूक महागात पडते. वेळेवर रक्त तपासून ब-१२ दिले तर सुधारणा होते, फार उशीर झाला तर झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. ताकद येण्याची ही दुसरी वेळ.

आता बाटलीकडे वळू. कमतरता नसताना गोळ्या घेतल्या तर? किंवा कमतरता असली, म्हणून भरपूर मोठा डोस एकदाच घेतला तर? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना नेमका असाच सोपा मार्ग काढायचा होता. त्यांनी सत्तर वर्षांवरच्या २,२५६ स्त्रिया निवडल्या. निम्म्यांना वर्षातून एकदाच ड जीवनसत्त्वाची ५ लाख एककांची मात्रा दिली, उरलेल्यांना औषध नसलेल्या दिसायला तशाच गोळ्या. (४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आता ५ लाखांचा हिशेब तुम्हीच करा.) पडणे आणि हाडे मोडणे कमी होईल अशी अपेक्षा होती. २०१० साली निष्कर्ष छापून आला तो उलटा : ड घेतलेल्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे २६ टक्क्यांनी अधिक! ड जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, हे विसरून चालत नाही. ६०,००० एककांची आठवड्याची पुडी डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी लिहून देतात. ती संपल्यावर चिठ्ठी न दाखवता वर्षभर आणत राहणे, हा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे आणि तो मला टॉनिकपेक्षाही अधिक धोक्याचा वाटतो.

दुसरा प्रयोग बॉस्टनचा आहे, १९९४ साली प्रसिद्ध झालेला. वृद्धाश्रमासारख्या एका संस्थेतली १०० अशक्त माणसे त्यात होती, सरासरी वय ८७ वर्षे. त्यांचे चार गट केले. एकाला पायांच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम, दुसऱ्याला प्रथिने-जीवनसत्त्वे असलेले पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. व्यायाम आठवड्यातून तीनदा, फक्त दहा आठवडे. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीहून अधिक. न करणाऱ्यांची वाढली ३ टक्के. नुसत्या पौष्टिक पेयाने ताकदीत काही फरक पडला नाही. सत्याऐंशीव्या वर्षी स्नायू दुप्पट जोर देऊ लागतात, हे वाचून मी स्वतः आकडा पुन्हा तपासला होता!

स्नायूला ताण मिळाला, तरच तो वाढतो. ताणाबरोबर त्याला बांधकामाचे सामान लागते, ते म्हणजे प्रथिने. म्हाताऱ्या माणसांना शरीराच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने हवीत असे आता मानतात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर सांगतील तेवढीच). पन्नास किलोच्या आजींना निदान ५० ग्रॅम. वाटीभर वरणातून ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढीच, एका अंड्यातून ६ ग्रॅम. दात गेले म्हणून दिवसभर चहा-बिस्किट आणि मऊ भातावर राहणाऱ्या आजींचा हिशेब कसा जमायचा? त्यांच्या ताटात घट्ट वरण, मुगाची मऊ उसळ, दही, पनीर आले, तर महागड्या बाटलीपेक्षा ते स्वस्त आणि कामाचे.

शेवटी एक प्रयोग. डॉक्टरही तो करतात. भक्कम, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजोबांना त्यात बसवून हात छातीवर घडी करायला सांगा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. शेजारी घरातले मोठे माणूस हवेच. चक्कर येत असेल, गुडघे फार दुखत असतील किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर हा प्रयोग करू नका. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांची ताकद कमी समजतात. असा आकडा आला, तर तो कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि ड व ब-१२ तपासायला हवे का, तेही विचारा. त्यांनी हरकत घेतली नाही, तर हेच उठणे-बसणे रोजचा व्यायाम म्हणून करता येते. सुरुवातीला खुर्चीचे हात धरून पाच वेळा, पुढे हळूहळू वाढवून. दर रविवारी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी सेकंद मोजा आणि वहीत तारखेसह आलेख काढा. खुर्ची बदलू नका, कारण उंच खुर्चीवरून उठताना गुरुत्वमध्य कमी वर न्यावा लागतो आणि आकडा विनाकारण चांगला येतो.